मुक्कामी आजी आणि पाहुणा रुग्ण

माण-खटावचा तरुण मुंबई-पुण्याला जातो, विटा-आटपाडीकडची कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. मागे राहिलेल्या वृद्धांसाठी सातारा-सांगली भागात शुश्रूषा केंद्रांची गरज वाढली, ती यातूनच. अशा केंद्रात बहुधा दोन प्रकारची माणसे शेजारी-शेजारी असतात. मिरजेत खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया करून महिना-दीड महिन्यासाठी आलेला रुग्ण आणि घरी परतण्याची शक्यता नसलेली मुक्कामी आजी.

पाहुण्या रुग्णाची प्रगती मोजता येते. १९६५ पासून वापरात असलेल्या बार्थेल निर्देशांकात जेवण, आंघोळ, चालणे, जिना चढणे अशा दहा कामांना मिळून ० ते १०० गुण देतात. ४० चे ८० झाले की नातेवाईक, डॉक्टर, केंद्रचालक सगळेच खूश. आजींचे गुण वाढणार नसतात, टिकले तरी पुष्कळ. मग फिजिओथेरपिस्टचा वेळ, अनुभवी परिचारिका, खिडकीजवळची खाट हे सारे हळूहळू पाहुण्याकडे सरकते. यात कुणाचा दुष्टावा नसतो, म्हणूनच ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आजींचे जीवनमान वेगळ्याच गोष्टींत असते. गाऊनऐवजी स्वतःचे लुगडे नेसायला मिळते का? आंघोळ त्यांच्या सवयीच्या वेळी होते की कामगारांच्या पाळीनुसार? स्वतःच्या कुलपाचे कपाट आहे का? शेजारच्या खाटेवरचे माणूस दर महिन्याला बदलते, ओळख होईतो निघून जाते. रुग्णालयातून येणाऱ्याबरोबर औषधांना न जुमानणारे जंतूही येऊ शकतात. पण सरसकट वेगळे ठेवणेही बरे नव्हे. पाहुण्यामुळे गावाकडच्या बातम्या येतात, नातवंडे येतात. खोल्या वेगळ्या आणि व्हरांडा एक, ही मांडणी त्यातल्या त्यात शहाणपणाची.

कायदा इथे अपुरा पडतो. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजार आणि शुश्रूषा पाहतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ दर जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सुचवते. तिथेही शब्द 'करू शकेल' असाच आहे. पैसे भरून राहणाऱ्या आजींच्या रोजच्या दिवसाबद्दल दोन्हीकडे फारसे काही नाही. अमेरिकेने १९८७ च्या कायद्यात प्रत्येक निवासीची स्वतंत्र काळजी-योजना आणि सोयीसाठी खाटेला न बांधले जाण्याचा हक्क लिहून ठेवला. तिथेही सारे आलबेल नाही, पण तक्रारीला आधार तरी आहे.

तोवर चौकशी नातेवाइकांनीच करायची. रात्रपाळीला किती माणसांमागे एक कर्मचारी असतो, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंद ठेवतात का, हे फी विचारण्याआधी विचारावे. आणि भेटीला वेळ ठरवून न जाता एखाद्या दिवशी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी अचानक जावे.