तिसरी तार

चैत्र सरत आला की भोपाळच्या आपल्या मराठी घरांतून कूलर धुऊन-पुसून खिडकीशी लावण्याची लगबग सुरू होते. नवी खस भरली जाते, पंप पाण्यात सोडला जातो आणि घरातील एखादे उत्साही गृहस्थ पेचकस घेऊन पुढे सरसावतात. प्लग तीन पायांचा, तार मात्र दोनच पदरांची; हा पेच ते क्षणात सोडवतात. दोन टोके जोडली, पंखा फिरला, गार वारा आला. मिस्त्रीचे पैसे वाचल्याचे समाधान वेगळेच!

कारागिराची दृष्टी येथेच निराळी ठरते. दिवा लागला की आपले काम संपते. बिघाड झाला तर काय होईल, हा वायरमनचा पहिला प्रश्न असतो. कूलरच्या पत्र्याच्या पेटीत पाणी आणि वीज शेजारी नांदतात. ओलाव्याने पंपाचे किंवा मोटारीचे आवरण दुबळे झाले की वीज पत्र्यात उतरते. अर्थिंगची तिसरी तार नीट जोडलेली असेल तर ती वीज जमिनीची वाट धरते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज जातो. ती तार नसेल तर वरकरणी काहीच घडत नाही. पंखा फिरत राहतो आणि पत्रा जिवंत राहतो. १६ अँपिअरची एम.सी.बी. तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडण्यास त्याचा अल्पसा अंशही पुरतो. म्हणूनच ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे आर.सी.सी.बी. हे स्वतंत्र उपकरण घरात हवे.

हौशी हाताच्या आणखीही खुणा जाणकाराला चटकन दिसतात. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते; दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये वीज तशीच राहते. अर्थिंग नळाला बांधलेले असते आणि नळ केव्हाच प्लास्टिकचे झालेले असतात. दिव्यासाठी घातलेल्या बारीक तारेवर २ किलोवॅटचा गीझर चढवला जातो. त्याला सुमारे ९ अँपिअर लागतात, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हे शाळेतच शिकवलेले असते. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा तर आधी तापतो, मग जळतो. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत अर्थिंगची सुबक आकृती काढून गुण मिळवणाऱ्या मुलांच्या घरी हे चालावे, याचा शिक्षक म्हणून खेद वाटतो.

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले. त्याच वर्षी येथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, आणि भारतीय वीज नियमही त्याच वर्षीचे. त्यांतील ४५ व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे घरमालकाकडे ठेवली. नवी तार ओढण्यासारखी कामे परवानाधारकाकडे सोपवली. २०१० च्या विनियमांनीही हेच तत्त्व पुढे नेले. महाकाय ट्रान्सफॉर्मर घडवणाऱ्या या नगरीत घरातली तार मात्र अद्याप कोणीही ओढतो!

वाचकहो, यात खरा अन्याय असा की, काम एकाचे असते आणि किंमत मोजतो दुसराच. भर दुपारी बादलीने कूलरमध्ये पाणी ओतते ती गृहिणी. फरशी पुसताना त्याला हात लागतो तो मोलकरणीचा. जाळीशी तोंड नेऊन गारवा घेते ते मूल. त्यांनी ती जोडणी पाहिलेलीही नसते.

तेव्हा पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा. आर.सी.सी.बी.चे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. मिस्त्री बोलावताना त्याचा परवाना अवश्य विचारावा. पण तो अर्थिंगसाठी आणखी एक तार मागेल तेव्हा "तेवढं चालवून घे" असे म्हणू नये. मुलाने अभियंता व्हावे म्हणून आपण जिवाचे रान करतो, आय.टी.आय.मध्ये दोन वर्षे घालवून हेच शास्त्र हाताने शिकलेल्या माणसाचे म्हणणेही तितक्याच आदराने ऐकले पाहिजे.