लेखणीस उत्तर लेखणीनेंच

धर्मश्रद्धा आणि विचारस्वातंत्र्य ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न प्रत्येक लोकसत्ताक राष्ट्रापुढें केव्हां तरी उभा राहतोच. फ्रान्स देशानें त्यासाठीं फार मोठी किंमत दिली आहे; म्हणून त्याचा इतिहास विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मननपूर्वक पाहण्यासारखा आहे.

तुलूझ शहरांत जाँ कालास नांवाचा एक प्रॉटेस्टंट व्यापारी होता. आपला मुलगा कॅथॉलिक होणार म्हणून त्यानें त्याचा वध केला, असा आळ त्याच्यावर आला. आणि पुरेसा पुरावा नसतां १७६२ सालीं त्यास हालहाल करून मारण्यांत आलें. व्हॉल्टेअर ह्यानें त्याच्यासाठीं लेखणी उचलली, आणि १७६५ सालीं तो निर्दोष ठरला. पण गेलेला प्राण कांहीं परत आला नाहीं! पुढें १८८१ च्या कायद्यानें मुद्रणस्वातंत्र्य मिळालें. सरकारनें कोणत्याही पंथास वेतन देऊं नये, परंतु प्रत्येकाच्या उपासनेचें स्वातंत्र्य राखावें, असें १९०५ च्या कायद्यानें ठरलें.

ह्या व्यवस्थेंत एक सूक्ष्म भेद आहे. तेथें धर्ममताची टीका, किंबहुना थट्टाही, गुन्हा नव्हे. परंतु धर्मावरून माणसांविरुद्ध द्वेष चेतविणें हा गुन्हा आहे.

'शार्ली एब्दो' नामक साप्ताहिकानें २००६ सालीं इस्लामच्या प्रेषितांचीं व्यंगचित्रें छापलीं, तेव्हां अनेक मुसलमानांचीं मनें दुखावलीं. त्यांच्या कांहीं संस्था न्यायालयांत गेल्या. २००७ सालीं निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. तरी त्यांनीं धरलेला मार्ग सभ्य नागरिकाचा होता. उलट, ता. ७ जानेवारी २०१५ रोजीं दोन बंदूकधाऱ्यांनीं त्या साप्ताहिकावर हल्ला करून बारा जणांचे प्राण घेतले. २०२० सालीं तर, भाषणस्वातंत्र्याच्या पाठांत तसलीं चित्रें दाखविलीं म्हणून साम्युएल पाती ह्या शिक्षकाचा वध झाला.

कोणी म्हणेल, "दुसऱ्याचें पूज्य दैवत हिणवावेंच कशाला?" हा आक्षेप योग्य आहे. कायदा जें करूं देतो तें सारें शिष्टाचारास धरून असतेंच असें नाहीं. परंतु अविनयास उत्तर निषेधाचें, लेखाचें, फार तर फिर्यादीचें असावें. शस्त्राचें कदापि नसावें. धर्माच्या नांवानें रक्त सांडणारा मनुष्य आपल्या धर्मास जो कलंक लावतो, तो कोणतेंही व्यंगचित्र लावूं शकणार नाहीं.

तथापि ह्या दुष्कृत्यांबद्दल सर्व मुसलमानांस दोषी धरणें हाही तितकाच अन्याय होय. त्या हल्ल्यांत मारला गेलेला पोलीस शिपाई अहमद मेराबे हा मुसलमानच होता. दोनच दिवसांनीं पॅरिसमधील एका यहुदी दुकानावर हल्ला झाला, तेव्हां तेथील मुसलमान नोकर लासाना बाथिली ह्यानें कांहीं ग्राहकांस तळघरांत लपविलें. धर्म पाहून माणसाचा न्याय करणें, हेंच तर तुलूझच्या लोकांचें पाप होतें!

विद्यार्थिमित्रहो, वादसभेंत प्रतिपक्षाचें मत अवश्य खोडा. पण त्याचा बोलण्याचा हक्क आपल्या हक्काइतकाच जपा. जो समाज लेखणीस लेखणीनें उत्तर देतो, त्याच्याच छायेंत श्रद्धा व स्वातंत्र्य ह्या दोघी बहिणी सुखानें नांदतात.