नव्या बांधकाम कामगारांना कामावर चढवण्यापूर्वी प्रत्यक्ष सुरक्षा प्रशिक्षण देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सहायक कामगार आयुक्त यांच्या सेवेशी

संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने व पावसाळ्यापूर्वी आपल्या दालनात झालेली बैठक

महोदय,

याच विषयावर आम्ही पुन्हा आपल्याकडे येत आहोत. मागच्या निवेदनाची पोच आमच्याकडे आहे, उत्तर नाही. बैठकीत पंधरा दिवसांत संयुक्त पाहणी करू, असे आपण सर्वांसमक्ष सांगितले होते. पावसाळा सरला, पाहणी झाली नाही. नियम आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहेत, त्यामुळे कलमे लिहीत बसत नाही. साइटवर काय चालते तेवढेच मांडतो.

नवा कामगार गेटवर आला की त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतात, नोंदवहीत अंगठा उमटवून घेतात आणि हेल्मेट घालून मोबाइलवर त्याचा फोटो काढतात. फोटो झाला की तेच हेल्मेट रांगेतल्या पुढच्याच्या डोक्यावर जाते. यालाच इंडक्शन म्हणतात. नोंदवहीतला मजकूर इंग्रजीत छापलेला असतो आणि अंगठा देणारा बिहार, झारखंड, ओडिशातून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका इमारतीवर बिगारी म्हणून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा लिफ्टच्या डक्टमध्ये पडून मरण पावला. डक्टवर प्लायवुड टाकलेले होते. ते भोकावरचे झाकण आहे, शटरिंगचा सुटा माल नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मुकादमाने पडलेले प्लाय गोळा करायला पाठवले होते. त्याने ते दोन्ही हातांनी छातीपुढे उचलले आणि पाऊल पुढे टाकले. समोर पाहायला प्लायचाच आडोसा होता. झाकण खिळ्यांनी ठोकलेले नव्हते, त्यावर रंगाची खूण नव्हती, कडेला कठडा नव्हता. सकाळी आठला तो गेटवर आला होता, साडेआठला नवव्या मजल्यावर होता. नोंदवहीत मात्र उंचीवरील काम, उघडे डक्ट व सेफ्टी बेल्ट यांची माहिती दिल्याचे छापील वाक्य आहे आणि त्याखाली त्याचा अंगठा आहे. पाच मिनिटे त्याच मजल्यावर फिरवून कुठे काय उघडे आहे ते हिंदीत सांगितले असते, तर तो आज जिवंत असता, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्या भावाचा जबाब आपल्याच कार्यालयात झाला. महिनाभरात अहवालाची प्रत देऊ, असे त्याला सांगण्यात आले. ती प्रत अद्याप मिळालेली नाही. तो गावी परतला असून आम्हालाच फोन करून विचारत असतो.

बेल्टचीही हीच गत. बेल्ट मिळतो, पण हूक अडकवायला लाइफलाइन ओढलेली नसते. मग कामगार ज्या परांचीवर उभा असतो तिच्याच पाइपला हूक लावतो. परांची गेली की तोही तिच्यासोबत जातो. नाक्यावरून सकाळी उचललेल्या मजुरांची तर गेटवर नोंदही होत नाही. एक दिवसाच्या माणसाला काय शिकवायचे, असे ठेकेदार आम्हाला तोंडावर सांगतात. पहिल्या दिवशीच माणसाला साइट सर्वांत अनोळखी असते, एवढे तरी आपल्या निरीक्षकांनी त्यांना सुनवावे.

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात सळयांची जाळी कोसळून ५ कामगार, सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुम येथे बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार दगावले. अशा वेळी मंत्री येतात, चौकशी लागते. एकेकटा पडणारा कामगार वर्तमानपत्राच्या चार ओळींतही येत नाही आणि आम्ही ज्यांचे मृतदेह गावी पाठवतो ते बहुतेक असे एकेकटेच असतात.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, नव्या कामगाराला, मग तो एका दिवसाचा का असेना, कामाला लावण्यापूर्वी त्याला समजेल त्या भाषेत आणि ज्या मजल्यावर काम आहे तिथेच फिरवून माहिती देणे सक्तीने राबवावे. तो वेळ हजेरीत धरावा. मजला किंवा काम बदलले की माहिती पुन्हा द्यावी, कारण माल वाहणाऱ्याला दुपारी सेंट्रिंगवर चढवणे रोजचेच झाले आहे. धोका दिसल्यास काम थांबवले म्हणून कोणाची हजेरी कापली जाणार नाही, हेही त्याच वेळी सांगितले जावे. निरीक्षकांनी नोंदवही तपासून परत न जाता चार कामगारांना बाजूला घेऊन विचारावे, की डक्ट कुठे उघडे आहेत, हूक कुठे लावतोस, अपघात झाला तर कोणाला हाक मारशील. पाहणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी. सध्या तिची बातमी आदल्या दिवशीच साइटवर पोहोचते आणि त्या दिवसापुरती नवी हेल्मेटे निघतात. ही बाबही आम्ही बैठकीत सांगितली होती व आपण ती लिहून घेतली होती.

याशिवाय साइटवर पिण्याचे स्वच्छ पाणी, महिलांसाठी वेगळी शौचालये, लहान मुलांसाठी पाळणाघर व प्रथमोपचाराची पेटी असावी. लेबर कॅम्पमधील उघड्या वायरी तातडीने बदलाव्यात.

संयुक्त पाहणीची तारीख व वर उल्लेखिलेल्या अपघाताच्या अहवालाची प्रत या महिनाअखेरपर्यंत आम्हाला लेखी मिळावी. तोंडी आश्वासन यापुढे स्वीकारता येणार नाही, याचा खेद वाटतो. मुदतीत उत्तर न आल्यास पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी कामगार आपल्या कार्यालयासमोर धरणे धरतील. त्याची पूर्वसूचना म्हणूनही हे निवेदन स्वीकारावे.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव, बांधकाम कामगारांच्या वतीने

सोबत : कामगारांच्या सह्या व अंगठे, मागील निवेदनांच्या पोचपावत्या
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी