गोट्यांचा सातबारा

दिवाळीला घरी चाललो होतो. काकाजी गाडी घेऊन नागपूरला घ्यायला आले. म्हटलं, यवतमाळला निघण्याआधी काटोल रोडने जुनापाणी बघून येऊ. उलटी दिशा, पण आले बिचारे!

तिथे माळावर दगडांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. लोहयुगातली, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. १८७९ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहिलं. विदर्भातल्या अशा वर्तुळांखाली लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, मडकी सापडलीत. माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे दागिने! आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही पाचखेडला लोहयुगातली वस्ती निघालीय.

मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो. काकाजी म्हणाले, "यात काय पाह्यचं बाबू? असे गोटे तं आपल्या वावरातबी होते. बाबानं उचलून धुऱ्यावर रचले."

मी गप्प!

ते वर्तुळच होतं का? आता कसं कळणार? पण आजोबांना दोष कसा देऊ? फाईल आहे हेच माहीत नसेल, तर माणूस ती डिलीट करणारच. आणि याला बॅकअप नसतो राव.

माझं म्हणणं साधं आहे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, झाडांची होते. मग वर्तुळाची का नको? मात्र सोबत शेतकऱ्याला लेखी खात्री द्या, की जमीन जाणार नाही, अडेल तेवढ्या जागेची भरपाई मिळेल. नाहीतर तो नोंदीआधीच गोटे हलवेल. मीही तेच केलं असतं!

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर गेलो. गोटे मोजले. सत्तावीस.