उत्तरेच्या खोलीला निळा का नको?

उत्तरेला एकच खिडकी, समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि दहा बाय बाराची बेडरूम. मुंबई-पुण्याच्या कामांत ही खोली आपल्याला सारखी भेटते आणि आपण डोळे झाकून तिला ऑफ-व्हाइट लावून मोकळे होतो. गडद निळ्याचं नाव काढलं की ग्राहक दचकतो, "अहो, अंधारकोठडी होईल!"

त्याचं अगदीच चूक नाही. चांगला ऑफ-व्हाइट भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी सुमारे 80 टक्के परत फेकतो, गडद निळा 8 टक्क्यांच्या आसपास. दोन भिंतींवर आपटून आलेला उजेड पांढऱ्या खोलीत 64 टक्के उरतो, निळ्या खोलीत एक टक्काही नाही. पण हा गुणाकार कामी यायला मुळात उजेड आत यावा लागतो. तोच जेमतेम असेल तर पांढरी भिंत उजळत नाही, मळकट राखाडी दिसते. वर 6500 केल्विनची ट्यूब लावली की झालाच दवाखाना!

बेडरूम वापरली जाते रात्री. छत पांढरं ठेवून भिंती निळ्या करा, पलंगाशी 2700 केल्विनचे दोन दिवे द्या. कोपऱ्यांच्या रेषा विरतात आणि खोली लहान आहे हे चटकन जाणवत नाही. माझं मत इथे निळ्यालाच. मुलं दिवसा अभ्यासाला बसणार असतील तर मात्र पांढराच, त्यात वाद नको.

निळ्याचे नखरे मात्र आधीच सांगून ठेवा. डीप बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड कमी असल्याने पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत तो भरेलच असं नाही; प्रायमर राखाडी टिंट करून घ्या. शीन घेतलीत तर बाजूच्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक चढ-उतार दिसतो; मॅट घेतलात तर हात घासेल तिथे चकाकी येते. टचअप पांढऱ्यावर बऱ्याचदा खपून जातं, निळ्यावर उठून दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते, आणि त्या वेळी ग्राहकाला पैसे मागणं जड जातं.

एक विनंती. शेड कार्डावरच्या दोन बोटांच्या तुकड्यावर सही घेऊ नका. दोन बाय दोन फुटांच्या बोर्डावर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात मारा, एकदा खिडकीच्या भिंतीला आणि एकदा समोरच्या भिंतीला टेकवून ग्राहकाला सकाळी आणि रात्री दाखवा. त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा.