पोकलेनचा बिघाड आणि निदानाची किल्ली

उन्हाळ्याच्या अखेरच्या आठवड्यांत महाराष्ट्रातील तलावांचा गाळ उपसण्याची घाई सुरू होते. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना असो, शेततळी असोत वा कालव्यांची दुरुस्ती, ही सारी कामे पोकलेनच्या भरवशावर चालतात. यंत्र तासाच्या दराने भाड्याने दिलेले असते, मालकाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी यंत्राच्या पडद्यावर दिवा लागतो, एक सांकेतिक क्रमांक उमटतो आणि इंजिनाची ताकद आपोआप उतरते. पुष्कळदा इंजिन, पंप, सिलिंडर सारे धडधाकट असतात. बिघाड असतो तो एखाद्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत. तो शोधायचा कोणी आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न आता केवळ गॅरेजपुरता राहिलेला नाही.

पोक्लेन या फ्रेंच कंपनीचे नाव मराठीत साऱ्याच उत्खनन यंत्रांना चिकटले, त्या काळातील यंत्रे आवाजावरून, धुरावरून आणि तेलाच्या गळतीवरून ओळखता येत. आज इंजिनातील तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, हायड्रॉलिक पंपांचा दाब, इंधनाचा दाब हे सारे सेन्सर मोजतात आणि नियंत्रक संगणक त्यावरून निर्णय घेतो. चाकांवर धावणाऱ्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे निकष एप्रिल २०२१ पासून व पाचव्या टप्प्याचे जानेवारी २०२५ पासून लागू झाले आणि तेथे सेन्सरांची संख्या आणखी वाढली. साखळीपट्ट्यांवरच्या पोकलेनमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण इंधनबचतीच्या निमित्ताने त्याआधीच शिरले होते. यात गैर काही नाही. मात्र यंत्र जितक्या वेगाने बदलले, तितक्या वेगाने ते दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील साधने बदलली नाहीत.

सर्वांत मोठा गैरसमज त्या सांकेतिक क्रमांकाविषयी आहे. क्रमांक आला की त्या नावाचा सेन्सर बदलायचा, ही पद्धत सर्रास रूढ झाली आहे. वास्तविक अवजड वाहनांसाठी अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेल्या जे-१९३९ या मानकात प्रत्येक क्रमांकाचे दोन भाग असतात. पहिला कोणत्या मापाविषयी तक्रार आहे ते सांगतो, दुसरा तक्रारीचे स्वरूप सांगतो. उदाहरणार्थ, १०० हा क्रमांक इंजिन तेलाच्या दाबाचा. त्याच्यापुढे १ असेल, तर मापन विश्वसनीय आहे आणि दाब खरोखरच धोकादायक पातळीखाली गेला आहे. इंजिन तत्काळ बंद करावयास हवे. पुढे ३ किंवा ४ असेल, तर सेन्सरकडून येणारा विद्युतदाब अपेक्षित मर्यादेच्या वर वा खाली गेला आहे, म्हणजे संशय विद्युतमार्गावर. पहिल्या प्रकारात तार तपासत बसणारा इंजिन गमावतो, दुसऱ्या प्रकारात इंजिन उघडणारा हंगाम गमावतो. सगळेच उत्पादक हे मानक जसेच्या तसे वापरत नाहीत. अनेकांचे स्वतःचे क्रमांक असतात आणि त्यांचा अर्थ त्यांच्याच पुस्तिकेत असतो. अडचणीचे मूळ येथे आहे.

क्रमांक विद्युतमार्गाकडे बोट दाखवितो, दोषी भागाकडे नव्हे. त्या मार्गात सेन्सर, दोन-तीन तारा, वाटेतील कनेक्टर आणि नियंत्रक इतके सारे येतात. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात पडद्यावर इंजिनाच्या पाण्याचे तापमान उणे ४० अंश दिसू लागले, तर समजावे की मार्ग कुठेतरी खंडित आहे. कारण या सेन्सरचा विरोध थंडीत वाढतो आणि तुटलेली तार नियंत्रकाला अतिथंडीसारखीच भासते. अशा दोन तारांच्या सेन्सरचा कनेक्टर काढून त्या दोन तारा क्षणभर जोडल्या आणि आकडा एकदम वरच्या टोकाला गेला, तर तारा व नियंत्रक ठीक. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या टोकाशी. या तपासणीला पैसा लागत नाही. तीन तारांच्या दाब-सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नये, कारण तेथे एका तारेवर नियंत्रकाने दिलेला ५ व्होल्टचा पुरवठा असतो.

हा ५ व्होल्टचा पुरवठा हीच एक वेगळी कथा आहे. बहुधा अनेक सेन्सर त्यावर एकत्र चालतात. त्यातील एक आतून शॉर्ट झाला, की सर्वांचाच पुरवठा कोसळतो आणि पडद्यावर तीन-चार तक्रारी एकाच वेळी झळकतात. अननुभवी हात चारही सेन्सर मागवितो. जाणकार मल्टिमीटर लावून एकेक कनेक्टर काढत जातो. ज्याच्या सुटण्याने ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. दोन पंपांचे दाब-सेन्सर एकसारखे असतील, तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. तक्रार सेन्सरबरोबर सरकली तर सेन्सर दोषी, जागेवरच राहिली तर तार.

आणि तार दोषी असण्याची शक्यता कमी लेखू नये. बूमच्या मुळाशी, जेथे हार्नेस दिवसभर वाकतो, तेथे तिचे आवरण घासते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुतल्यावर कनेक्टरमध्ये ओल राहते. पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या यंत्रात उंदरांचे काम असते. तार तपासण्यासाठी आवरणात सुई खुपसण्याची सवय तर स्वतःच रोग लावते: त्या छिद्रातून पाणी शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. यंत्र हलत असतानाच दिसणारा आणि उभे राहताच गायब होणारा दोष तर केवळ संयमानेच सापडतो. हार्नेस एकेका ठिकाणी हलवून आकडा कधी उडतो ते पाहावे लागते.

हे ज्ञान गूढ नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या होतकरू तरुणाला ते काही आठवड्यांत देता येईल. त्याला अडते ते यंत्राचा वायरिंगचा नकाशा, क्रमांकांचे अर्थ आणि प्रत्यक्ष मापे दाखविणारे सॉफ्टवेअर यांवाचून. या तीनही गोष्टी बहुतांशी अधिकृत सेवा केंद्राच्या लॅपटॉपमध्ये बंद असतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून अभियंता येईपर्यंत यंत्र उभे राहते.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संकेतस्थळही सुरू केले. पहिल्या टप्प्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे निवडण्यात आली. बांधकाम यंत्रांचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तेथे सवलत आहे. स्वतः यंत्र चालविणारा एका पोकलेनचा मालक त्यात कदाचित बसेल. चालक ठेवणाऱ्याला वाद घालावा लागेल. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांसाठी २०२३ मध्ये असा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने डीअर कंपनीविरुद्ध दुरुस्तीच्या साधनांवरील मक्तेदारीचा दावा दाखल केला. आपल्याकडे हा विषय अजून मोबाइलच्या काचेभोवतीच घुटमळतो.

उत्पादकांचा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. सॉफ्टवेअर खुले केले की प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करणारे पुढे येतील, ही भीती खरी आहे. तसे उद्योग चालतातही. पण वाचणे आणि बदलणे यांत फरक आहे. नियंत्रकातील आज्ञावली कुलूपबंद ठेवूनही क्रमांकांचे अर्थ, सेन्सरची मापे व वायरिंगचा नकाशा मालकाला देता येतो. केंद्राच्या यादीत बांधकाम यंत्रांची भर घालताना एवढी एक रेघ आखली, आणि यंत्र विकताना ही कागदपत्रे मराठीसह स्थानिक भाषांत देण्याची अट घातली, तरी तालुक्याच्या गॅरेजमधील मल्टिमीटरला काम मिळेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. शासकीय कामांच्या निविदांत आणि शासनाच्या स्वतःच्या यंत्रखरेदीत ही अट आजही घालता येण्याजोगी आहे.