‘आपला माणूस’ म्हणजे कोणाचा?

निवडणुकीचे प्रचारपत्रक हा आपल्याकडे समीक्षेचा विषय मानला जात नाही. साहित्याच्या वर्गात त्याला जागा नाही. माझे म्हणणे उलट आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे; पहिल्यात ऐकणारा धरलेला असतो, दुसऱ्यात वगळलेला. हा भेद व्याकरणाच्या तासाला इमानेइतबारे शिकवणारे आपण, ‘आपला माणूस, आपला विकास’ ही घोषणा मात्र न तपासता सोडून देतो.

भिवंडीजवळचे दापोडे घ्या. अंजूरफाटा-माणकोली रस्त्यावरचे हे कागदोपत्री गाव. मुंबईची जकात टाळून शहराच्या उंबरठ्यावर माल साठवता यावा, म्हणून भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र राहिली आणि वाढली. भातखाचरांच्या जागी पत्र्याची छपरे आली. २००७ पासून या पट्ट्याचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे, दैनंदिन कारभार ग्रामपंचायतीकडे. आणि वस्ती मात्र एखाद्या औद्योगिक शहराची. तिथे हमाली करणारा, खोकी लावणारा, ट्रकवर निजणारा माणूस उत्तर प्रदेश-बिहारचा असतो, तसाच मराठवाडा-खानदेशचाही.

अशा ठिकाणी तळागाळातून आलेला म्हणवणारा उमेदवार कोणते स्वप्न दाखवतो? रस्ता, गटार, सभामंडप, भूमिपुत्रांना रोजगार. यांतली एकही मागणी खोटी नाही. आगरी समाजाने जमिनीसाठी काय सोसले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ‘भूमिपुत्र’ या शब्दाची टिंगल करू नये. १९३३ मध्ये रायगडातल्या चरीला खोतांविरुद्ध सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला. त्यात कसणाऱ्या आगरी कुळांचा मोठा वाटा होता. पण त्या संपाचा प्रश्न असा होता की, जमिनीवर राबतो कोण आणि बोलतो कोण? नेमका तोच प्रश्न आज गोदामाच्या दारात विचारला, तर उमेदवाराची वाचा का बसावी?

तो मतदार नाही, हे त्याचे ठरलेले उत्तर. अनेक कामगारांचे मत दूरच्या गावी असते, हे खरे. पण ते असे कोणी ठरवले? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदारयादीत नाव येते ते ‘सर्वसाधारण रहिवासी’ असण्याने. केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्याने कोणी रहिवासी ठरत नाही, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. तो मालकाला नव्हे, राहणाऱ्याला विचारतो. ग्रामसभेचे सदस्यत्वही मतदारयादीवरूनच ठरते. म्हणजे जो यादीत नाही तो ग्रामसभेतही नाही. त्याच्या पाण्याबद्दल, छपराबद्दल इतर लोक ठराव करणार. मुंबई महापालिकेत सर्व प्रौढांना मताधिकार मिळून निवडणूक झाली ती १९४८ साली. तोवर भाड्याची आणि मालमत्तेची अट होती. कायद्याने काढलेली ती अट आपण इथे सवयीने परत आणली आहे.

याउलट मृणाल गोरे यांचे राजकारण आठवावे. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांत ‘पाणीवाली बाई’ झाल्या. झोपडी अनधिकृत, म्हणून नळ नाही, या युक्तिवादापुढे त्या थांबल्या नाहीत. घर अनधिकृत असले तरी तहान अनधिकृत कशी असेल? १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या, १९७७ मध्ये लोकसभेत. पुढे नागरी निवारा परिषदेने दिंडोशीत घरे उभी केली. त्यांच्या ‘आपण’मध्ये कालपरवा आलेला माणूसही होता. अर्थात, त्या झोपड्यांना मत होते आणि दापोड्याच्या हमालाला बहुधा नसते, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणूनच उमेदवाराचे पहिले काम मते मागण्याचे नसून मतदार नोंदवण्याचे आहे. पाठोपाठ येते १९६९ च्या माथाडी कायद्याखालची नोंदणी, आणि राहण्याची सुरक्षित जागा. २९ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या वळ गावात गोदामाची इमारत कोसळली. खाली माल, वर कुटुंबे राहत होती. आठ जणांचा बळी गेला. या मृत्यूंना उत्तर न देणाऱ्या पत्रकाला दृष्टी आहे असे मी मानणार नाही.

आणि आपण, साहित्यवाले? १९८२ च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेल्या घरावर जयंत पवारांनी ‘अधांतर’ लिहिले. आपण ते अभ्यासक्रमात लावले, त्यावर प्रबंध लिहिले, गिरणगावासाठी हळहळलो. योग्यच केले. पण गिरणी बंद पडल्यावर कामगार ‘आपला’ वाटू लागतो आणि गोदाम चालू असताना तिथला माणूस ‘परका’ राहतो, ही करुणा फार सोयीची आहे. गिरणगावही बाहेरून आलेल्यांनीच वसवले होते. कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेतूनही.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत एक पत्रक वर्गात आणा. त्यातल्या प्रत्येक ‘आपल्या’खाली रेघ ओढा आणि विद्यार्थ्यांना विचारा, की रात्रपाळीचा ट्रक उतरवणारा त्यात बसतो का. बसत नसेल, तर ते सर्वनाम ‘आम्ही’ आहे, एवढे तरी मराठीच्या शिक्षकाने फळ्यावर लिहावे.